डेटाबेसवर चालणाऱ्या संकेतस्थळांतील फोटो : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वधूवर सूचक मंडळे, ग्रंथालये, पतसंस्था आणि लहान दुकानदार यांच्यासाठी पीएचपी ही भाषा व मायएसक्यूएल हा डेटाबेस वापरून केलेली संकेतस्थळे सांभाळणारे लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते येथे एकत्र केले आहेत. उदाहरणे बहुतांशी वधूवर मंडळाची घेतली आहेत, कारण तिथे फोटो हाच नोंदीचा गाभा असतो आणि त्याबाबतचा हलगर्जीपणा सर्वांत महागात पडतो.

१. फोटो डेटाबेसमध्ये ठेवायचा म्हणजे नेमके काय ठेवायचे?

याचे दोन अर्थ होतात आणि बहुतेक गोंधळ तिथूनच सुरू होतो. पहिल्या पद्धतीत फोटोचे सगळे बाइट टेबलातल्या एका कॉलममध्ये भरले जातात. दुसऱ्या पद्धतीत फाइल सर्व्हरच्या डिस्कवर राहते आणि टेबलात फक्त तिचे नाव व इतर तपशील राहतात. कोणतीही पद्धत घेतली तरी ब्राउझरच्या दृष्टीने फोटो पानाच्या आत नसतोच. पानात फोटोचा पत्ता असतो आणि ब्राउझर त्या पत्त्यावर प्रत्येक फोटोसाठी वेगळी मागणी पाठवतो. वेगळे सांगितलेले नसेल तिथे या पानावर दुसरी पद्धत गृहीत धरली आहे.

२. मग टेबलातच फोटो ठेवणे चूक आहे का?

चूक नाही, पण त्याला मर्यादा आहेत. मायक्रोसॉफ्ट रिसर्चमधील रसेल सीअर्स, कॅथरिन व्हॅन इंगेन आणि जिम ग्रे यांनी २००६ मध्ये हाच प्रश्न मोजून पाहिला होता. त्यांच्या मोजणीत २५६ केबीपेक्षा लहान वस्तू डेटाबेसमध्ये अधिक चांगल्या राहिल्या, १ एमबीपेक्षा मोठ्या वस्तू फाइल सिस्टिममध्ये अधिक चांगल्या राहिल्या आणि मधल्या पट्ट्यात निकाल वापराच्या प्रकारावर ठरला. ती मोजणी एसक्यूएल सर्व्हर हा मायक्रोसॉफ्टचा डेटाबेस आणि एनटीएफएस ही विंडोजची फाइल सिस्टिम यांच्यावर केलेली होती, त्यामुळे तेच आकडे मायएसक्यूएलला जसेच्या तसे लावू नयेत, पण कल तोच राहतो.

सही, शिक्का, ओळखपत्रावरचा वीस-तीस केबीचा फोटो यांसारख्या लहान आणि नोंदीपासून कधीही सुटू नयेत अशा गोष्टी टेबलात ठेवण्यास माझी हरकत नसते. नोंद पुसली की त्याही जातात आणि बॅकअपही एकच घ्यावा लागतो. मोबाइलवरून येणारे तीन-चार एमबीचे फोटो मात्र डिस्कवरच ठेवावेत. ते टेबलात भरले की डेटाबेस फुगतो, बॅकअपला रात्र पुरत नाही आणि साधी फाइल देण्याचे जे काम वेब सर्व्हर चुटकीसरशी करतो, त्यासाठी दर वेळी पीएचपी आणि मायएसक्यूएल या दोघांनाही उठवावे लागते.

३. फाइल डिस्कवर ठेवली, तर टेबलात कोणते कॉलम असावेत?

फोटोंसाठी सभासदांच्या टेबलापासून वेगळे टेबल करावे, कारण आज एकच फोटो पुरे म्हणणारे मंडळ उद्या तीन फोटो मागते. त्यात सभासदाचा क्रमांक, फाइलचे नाव, प्रकार, रुंदी, उंची, बाइटमधील आकार, क्रम आणि अपलोडची वेळ असावी. रुंदी आणि उंची अनेकजण वगळतात, पण त्यांचा उपयोग प्रश्न ९ मध्ये दिसेल.

संकेतस्थळाच्या नावासह पूर्ण पत्ता टेबलात कधीही लिहू नये. होस्टिंग बदलले, डोमेन बदलले किंवा फोटो क्लाउडवर हलवले की हजारो ओळी बदलत बसावे लागते. टेबलात केवळ फाइलचे नाव असावे आणि त्याच्या आधी येणारा भाग सेटिंगच्या फाइलमध्ये एकाच ठिकाणी असावा.

४. ब्लॉब (कच्चे बाइट साठवणाऱ्या) कॉलममध्ये फोटो ठेवला, पण वरची पट्टी दिसते आणि खाली सगळे करडे दिसते. असे का होते?

फोटो कापला गेला आहे. मायएसक्यूएलमध्ये नुसत्या ‘ब्लॉब’ या प्रकारात ६५,५३५ बाइटच मावतात. ‘मीडियमब्लॉब’मध्ये सुमारे १६ एमबी आणि ‘लाँगब्लॉब’मध्ये ४ जीबीपर्यंत मजकूर मावतो. साधी जेपीईजी फाइल वरून खाली उलगडत जाते, त्यामुळे जेवढे बाइट साठले तेवढा कपाळापर्यंतचा चेहरा दिसतो आणि पुढचा भाग करडा राहतो. फाइल प्रोग्रेसिव्ह जेपीईजी (आधी धूसर दिसून मग स्पष्ट होत जाणारी) असेल तर कापलेली असूनही पूर्ण फोटो दिसू शकतो, मात्र धूसर, आणि तेव्हा दोष कॅमेऱ्याच्या माथी मारला जातो.

खात्री करण्यासाठी त्या कॉलमची बाइटमधील लांबी विचारावी. अनेक नोंदींत ती नेमकी ६५,५३५ निघाली, तर कारण हेच आहे. मायएसक्यूएल ५.७ पासून स्ट्रिक्ट मोड सुरुवातीपासूनच चालू असतो आणि असा मजकूर घेण्यास डेटाबेस स्पष्ट नकार देतो, परंतु जुने अ‍ॅप्लिकेशन नव्या सर्व्हरवर ‘चालावे’ म्हणून तो मोड बंद करून ठेवलेला अनेकदा आढळतो आणि मग केवळ एक इशारा देऊन उरलेले बाइट फेकले जातात. कॉलमचा प्रकार बदलल्यावर नवे फोटो नीट साठतील, पण कापलेले फोटो परत येणार नाहीत. ते सभासदांकडून पुन्हा मागवावे लागतात.

एसक्यूएल सर्व्हर वापरणाऱ्यांनी तिथल्या ‘इमेज’ या प्रकाराच्या नावाला भुलू नये. तो प्रकार मायक्रोसॉफ्टने कालबाह्य ठरवला आहे आणि त्याऐवजी ‘व्हारबायनरी मॅक्स’ वापरायचा असतो. पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेसमध्ये या कामासाठी ‘बाइटए’ हा प्रकार आहे.

५. फॉर्म भरला जातो, नाव-पत्ता पोहोचतो, पण फोटो येतच नाही. काय तपासावे?

प्रथम फॉर्मचा एन्कोडिंग प्रकार ‘मल्टिपार्ट फॉर्म-डेटा’ आहे का ते पाहावे. तो लिहायचा राहिला असेल, तर ब्राउझर फाइलऐवजी फक्त तिचे नाव पाठवतो आणि बाकी सगळे सुरळीत दिसते.

तो बरोबर असेल तर मर्यादा तपासाव्यात, आणि त्या एक नाही, तीन आहेत. पीएचपीमध्ये एका फाइलची डीफॉल्ट मर्यादा २ एमबी आणि संपूर्ण फॉर्मची ८ एमबी असते. पहिली ओलांडली तर त्या फाइलपुरता एररचा क्रमांक मिळतो, दुसरी ओलांडली तर मात्र संपूर्ण फॉर्म रिकामा पोहोचतो आणि सभासदाला ‘नाव भरणे आवश्यक आहे’ असा भलताच संदेश दिसतो. समोर एनजिनएक्स हा वेब सर्व्हर असेल तर त्याची स्वतःची डीफॉल्ट मर्यादा १ एमबी असते आणि ती ओलांडल्यास ४१३ क्रमांकाची चूक येते. ही मागणी पीएचपीपर्यंत पोहोचतच नाही, त्यामुळे पीएचपीच्या नोंदवहीत कितीही शोधले तरी काही सापडत नाही.

६. फाइलला कोणते नाव द्यावे? सभासदाने दिलेले मराठी नाव चालेल का?

सभासदाने दिलेले नाव डिस्कवर वापरू नये, मग ते मराठी असो वा इंग्रजी. ‘फोटो १’ या नावाने दहा जण फाइल पाठवतात आणि शेवटचा आधीच्या नऊ जणांना पुसून टाकतो. सर्व्हरने स्वतः तयार केलेले यादृच्छिक नाव द्यावे आणि मूळ नाव हवेच असेल तर टेबलात वेगळ्या कॉलममध्ये ठेवावे.

मराठी नावांची अडचण जरा सविस्तर सांगण्यासारखी आहे. लिनक्सवरील ईएक्सटी४ या फाइल सिस्टिममध्ये फाइलच्या नावाला २५५ बाइटची मर्यादा आहे. यूटीएफ-८ या अक्षरे बाइटमध्ये लिहिण्याच्या पद्धतीत देवनागरीतील प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात आणि ‘क्षी’ हे एक अक्षर प्रत्यक्षात क, हलन्त, ष आणि वेलांटी अशी चार चिन्हे मिळून १२ बाइट खाते. त्याहून चकवणारी गोष्ट ‘ऱ’ची आहे. ‘दुसऱ्या’ या शब्दातला ऱ एका स्वतंत्र चिन्हाने लिहिता येतो, तसाच र आणि नुक्ता ही दोन चिन्हे जोडूनही लिहिता येतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण सर्व्हरच्या लेखी ती दोन वेगळी नावे असतात. टेबलात एक रूप आणि डिस्कवर दुसरे असले की फाइल समोर दिसत असूनही ‘सापडत नाही’ असे उत्तर येते. या प्रकारात मी स्वतः एक अख्खी दुपार घालवली आहे.

इंग्रजी नावांतही लहान-मोठ्या लिपीचा फरक नडतो. विंडोजवर तो धरला जात नाही, लिनक्सवर धरला जातो, म्हणून स्वतःच्या संगणकावर दिसणारे फोटो होस्टिंगवर चढवल्यावर गायब होतात.

७. मोठा फोटो उभा दिसतो, पण यादीतले थंबनेल (फोटोची लहान प्रत) आडवे पडलेले दिसते. हे कसे?

मोबाइल उभा धरून फोटो काढला तरी अनेक फोन पिक्सेल आडवेच साठवतात आणि ‘दाखवताना फिरवावे’ अशी सूचना फाइलमधील एक्झिफ माहितीत (फोटोसोबत साठवलेल्या तपशिलांत) लिहितात. हल्लीचे ब्राउझर ती सूचना पाळतात, म्हणून मूळ फोटो सरळ दिसतो. पीएचपीची जीडी लायब्ररी थंबनेल तयार करताना फक्त पिक्सेल उचलते आणि एक्झिफ माहिती टाकून देते. सूचना गेली, पिक्सेल आडवेच राहिले, आणि वधूचा फोटो आडवा झाला.

उपाय असा की अपलोड होताच दिशेची सूचना वाचावी, त्याप्रमाणे पिक्सेल प्रत्यक्ष फिरवावेत आणि मगच लहान प्रती तयार कराव्यात. त्याच वेळी बाकीची एक्झिफ माहितीही काढून टाकावी. फोनमध्ये लोकेशन चालू असेल तर फोटो कोठे काढला त्याचे अक्षांश-रेखांश तिच्यात असतात, आणि घरच्या अंगणात काढलेला फोटो म्हणजे घराचा पत्ता.

८. आयफोनवरून आलेला फोटो काहींना दिसतो, काहींना दिसत नाही.

तो बहुधा एचईआयसी प्रकारचा आहे. २०१७ च्या आयओएस ११ पासून आयफोन हा प्रकार वापरतात. सफारीच्या नव्या आवृत्त्या तो दाखवतात, क्रोम आणि फायरफॉक्स सामान्यतः दाखवत नाहीत. सर्व्हरवरील इमेजमॅजिक या चित्रे हाताळणाऱ्या लायब्ररीत एचईआयसीची सोय असेल तर अपलोड होताच जेपीईजी करून घ्यावे. ती नसेल तर फाइल नाकारून सभासदाला सेटिंग्जमध्ये कॅमेरा, फॉरमॅट्स, मोस्ट कम्पॅटिबल हा पर्याय निवडण्यास सांगावे. फाइलच्या नावाचे शेपूट बदलून ‘जेपीजी’ केल्याने काहीही साधत नाही.

९. यादीचे पान उघडायला फार वेळ लागतो. फोटो कमी करावेत का?

फोटो कमी करण्याची गरज नसते, त्यांचा आकार कमी करावा लागतो. १५० पिक्सेल रुंदीच्या चौकटीत ४,००० पिक्सेल रुंदीचा फोटो दाखवला, तरी ब्राउझरला पूर्ण फोटोच उतरवून घ्यावा लागतो. एका पानावर वीस स्थळे आणि प्रत्येकी ३ एमबी धरले तर ६० एमबी झाले, तेही गावाकडच्या मोबाइलवर. अपलोडच्या वेळीच यादीसाठी एक, तपशिलाच्या पानासाठी एक अशा दोन प्रती तयार करून ठेवाव्यात. पान उघडताना दर वेळी थंबनेल बनवणारी संकेतस्थळे मी पाहिली आहेत. ती पहिल्या शंभर सभासदांपर्यंत ठीक चालतात.

प्रती तयार करताना सर्व्हरच्या मेमरीचा हिशेब ठेवावा. फाइल ३ एमबीची असली तरी उलगडल्यावर प्रत्येक पिक्सेलला सुमारे ४ बाइट लागतात. ४,००० गुणिले ३,००० पिक्सेलचा फोटो उलगडून ४.८ कोटी बाइट होतो, म्हणजे जवळजवळ ४८ एमबी. पाच कोटी पिक्सेलच्या फोटोला २०० एमबी लागतात, आणि पीएचपीच्या मेमरीची डीफॉल्ट मर्यादा १२८ एमबी आहे. ‘काही फोटो अपलोड होताना पान पांढरे पडते’ या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच निघते. म्हणून उलगडण्यापूर्वी रुंदी-उंची वाचून फार मोठे फोटो सौजन्याने नाकारावेत.

पानात प्रत्येक फोटोसोबत रुंदी आणि उंची लिहावी, म्हणजे फोटो येईपर्यंत ब्राउझर जागा राखून ठेवतो आणि वाचता वाचता मजकूर खाली उडी मारत नाही. स्क्रीनच्या खालच्या भागातले फोटो गरज पडेल तेव्हाच मागवण्यासाठी ‘लोडिंग लेझी’ हा गुणधर्म द्यावा. फोटो टेबलात असतील तर यादीच्या क्वेरीत सर्व कॉलम मागवू नयेत, नाहीतर नुसती नावे दाखवायलाही सगळे फोटो डेटाबेसमधून बाहेर येतात.

१०. टेबलातला फोटो दाखवताना तुटलेल्या चित्राचे चिन्ह येते किंवा विचित्र अक्षरांचा मारा होतो.

विचित्र अक्षरे दिसत असतील तर प्रकाराचा हेडर (फाइलचा प्रकार ब्राउझरला आधी कळवणारी ओळ) पाठवायचा राहिला आहे आणि ब्राउझर फोटोला मजकूर समजतो आहे. तुटलेले चिन्ह दिसत असेल तर फोटोच्या आधी काहीतरी आगंतुक बाइट जात आहेत. पीएचपी फाइलच्या सुरुवातीची एक रिकामी ओळही त्याला पुरते. एकदा मी असा प्रतिसाद जतन करून एकेक बाइट दाखवणाऱ्या हेक्स एडिटरमध्ये उघडला. जेपीईजी फाइल ‘एफएफ डी८’ने सुरू व्हायला हवी, पण तिच्या आधी ‘ईएफ बीबी बीएफ’ हे तीन बाइट बसले होते. ती यूटीएफ-८ची बीओएम, म्हणजे फाइलच्या सुरुवातीला लागणारी अदृश्य खूण होती. कोणीतरी सेटिंगची फाइल नोटपॅडमध्ये उघडून पासवर्ड बदलला होता आणि जतन करताना ती खूण चिकटली होती. एडिटरमध्ये ‘बीओएमविना यूटीएफ-८’ निवडून फाइल पुन्हा जतन केली की काम झाले. फोटो अर्धाच दिसत असेल तर प्रश्न ४ पाहावा.

११. सभासदाने फोटो बदलला, तरी जुनाच दिसतो.

नवा फोटो जुन्याच नावाने ठेवला आहे आणि ब्राउझर आपल्या साठ्यातली प्रत दाखवतो आहे. सभासदाला कॅशे पुसायला सांगणे हा उपाय नव्हे, कारण त्याची नोंद पाहणाऱ्या शेकडो लोकांना तसे सांगता येत नाही. प्रत्येक नव्या फोटोला नवे नाव द्यावे आणि टेबलातील नाव बदलावे. असे केले की एका नावामागचा मजकूर कधीच बदलत नाही आणि सार्वजनिक फोटोंसाठी कॅशेची मुदत निर्धास्तपणे एक वर्ष ठेवता येते. खाजगी फोटोंचा नियम प्रश्न १३ मध्ये आहे.

१२. फोटोच्या नावाखाली कोणी भलतीच फाइल पाठवली तर?

पाठवतातच, असे धरून चालावे. फाइलच्या शेपटावर आणि ब्राउझरने कळवलेल्या प्रकारावर विश्वास ठेवू नये, कारण दोन्ही पाठवणाऱ्याच्या हातात असतात. सर्व्हरने फाइलचे आरंभीचे बाइट स्वतः तपासावेत. मात्र तेवढ्यानेही भागत नाही, कारण सुरुवातीला खरा जेपीईजी आणि आत पीएचपीचा कोड अशी फाइल बनवता येते. फोटो उलगडून पुन्हा नव्याने लिहून काढणे, शेपूट सर्व्हरने ठरवणे आणि अपलोडच्या फोल्डरमध्ये पीएचपी चालण्यास पूर्ण बंदी करणे या तीनही गोष्टी कराव्यात. एकच करणे शक्य असेल तर शेवटची करावी.

एसव्हीजी फाइल सभासदांकडून घेऊ नये. ती चित्रासारखी दिसली तरी तिच्यात स्क्रिप्ट असू शकते आणि फाइल थेट उघडली की ती चालते. २०१६ मध्ये इमेजमॅजिकमधील ‘इमेजट्रॅजिक’ या त्रुटीमुळे केवळ खास रचलेले चित्र पाठवून सर्व्हरवर आज्ञा चालवता येत होत्या, म्हणून त्या लायब्ररीची आवृत्ती अद्ययावत ठेवावी.

१३. फोटो फक्त नोंदणी केलेल्या सभासदांनाच दिसावेत. पानाला लॉगिन लावले आहे, तेवढे पुरेसे आहे का?

पुरेसे नाही. प्रश्न १ मध्ये सांगितल्याप्रमाणे फोटोची मागणी वेगळी जाते, आणि पानाचे लॉगिन त्या मागणीला आडवे येत नाही. एका मंडळाचे संकेतस्थळ मी पाहिले, तिथे फोटोंची नावे १, २, ३ अशी सभासद क्रमांकावरून दिलेली होती. लॉगिन न करता पत्त्यातला आकडा वाढवत गेले की एकामागून एक मुलींचे फोटो उघडत होते, आणि मंडळाच्या चालकांना ‘पासवर्ड लावला आहे’ याचेच समाधान होते.

फोटो वेब सर्व्हरला थेट पोहोचता येणार नाही अशा फोल्डरमध्ये ठेवावेत. मागणी आली की पीएचपीने सत्र तपासावे, हा फोटो या सभासदाला पाहण्याचा अधिकार आहे का ते टेबलात पाहावे आणि मग प्रत्यक्ष फाइल देण्याचे काम वेब सर्व्हरवर सोपवावे. एनजिनएक्समध्ये यासाठी ‘एक्स-अ‍ॅक्सेल-रीडायरेक्ट’ आणि अपाचेमध्ये ‘एक्स-सेंडफाइल’ हा हेडर वापरतात. कॅशेच्या हेडरमध्ये ‘प्रायव्हेट’ लिहावे. यादृच्छिक नाव दिल्याने आकडे वाढवत जाण्याचा मार्ग बंद होतो, पण तो पत्ता व्हॉट्सअ‍ॅपवर पुढे गेला की कोणालाही उघडतो, म्हणून ते परवानगीची जागा घेऊ शकत नाही. ज्याला फोटो दिसतो त्याने स्क्रीनशॉट काढू नये यावर मात्र सर्व्हरकडे इलाज नाही.

१४. काही नोंदींचे फोटो सापडत नाहीत, आणि फोल्डरमध्ये मात्र बेवारस फायली साठल्या आहेत.

डेटाबेसचा व्यवहार मागे घेता येतो, डिस्कवरचा घेता येत नाही, त्यामुळे दोघांची फारकत कधी ना कधी होणारच. ती कोणत्या बाजूला व्हावी एवढे आपल्या हातात असते. फोटो जोडताना आधी फाइल लिहावी आणि मग नोंद करावी. काढताना आधी नोंद पुसावी आणि मग फाइल काढावी. या क्रमाने मध्येच वीज गेली तरी उरते ती बेवारस फाइल, जी फक्त जागा अडवते. फोटो नसलेली नोंद सगळ्यांच्या डोळ्यांवर येते. बेवारस फायली आठवड्यातून एकदा शोधून काढाव्यात, पण चोवीस तासांहून जुन्याच, नाहीतर त्याच क्षणी अपलोड होत असलेला फोटो झाडूखाली जाईल.

१५. बॅकअप घेतला होता, पण परत आणल्यावर फोटो नाहीत.

डेटाबेसच्या बॅकअपमध्ये फक्त नावे असतात. फोटोंच्या फोल्डरची प्रत वेगळी घ्यावी लागते, आणि क्रमही महत्त्वाचा आहे: आधी डेटाबेस, मग फोल्डर. प्रश्न १४ मधला क्रम पाळला असेल तर बॅकअपमधील जवळजवळ प्रत्येक नोंदीची फाइल त्यामुळे हजर सापडते. फोटो टेबलात असतील तर मायएसक्यूएलडंप या बॅकअपच्या आज्ञेला ‘हेक्स-ब्लॉब’ हा पर्याय द्यावा. त्यात प्रत्येक बाइटला दोन अक्षरे लागत असल्याने बॅकअप दुप्पट होतो, हे जागा मोजताना विसरू नये.

१६. सभासदाने स्थळ काढून घेतले आणि फोटो पुसायला सांगितले. नोंद पुसली की झाले का?

मूळ फाइल, प्रश्न ९ मधील दोन्ही प्रती, कॅशे किंवा सीडीएनवरील (फोटोंच्या प्रती ठिकठिकाणी ठेवणाऱ्या सेवेवरील) प्रत आणि बॅकअप अशा चार जागा तपासाव्या लागतात. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ मध्ये संमती मागे घेण्याचा आणि माहिती पुसण्याची मागणी करण्याचा हक्क दिलेला आहे. बॅकअपमधून एकेक फोटो वेचणे व्यवहार्य नसते. बॅकअप ठरावीक दिवसांनी आपोआप नष्ट होतील अशी व्यवस्था करावी आणि पुसलेल्या क्रमांकांची यादी बॅकअपच्या बाहेर ठेवावी, म्हणजे जुना बॅकअप परत आणण्याची वेळ आलीच तर तेच फोटो पुन्हा पुसता येतात. लग्न जमलेल्या मुलीचा फोटो सहा महिन्यांनी पुन्हा यादीत झळकला तर फोन मंडळाला येतो, आणि मंडळाकडून तुम्हाला.

१७. फोटो बेस६४ करून (बाइट साध्या अक्षरांत बदलून) टेक्स्ट कॉलममध्ये ठेवले तर सोपे होईल ना?

तीन बाइटची चार अक्षरे होतात, म्हणजे आकार एक तृतीयांशाने वाढतो आणि बदल्यात काहीही मिळत नाही. टेबलातच ठेवायचे असेल तर प्रश्न ४ मधील प्रकार वापरावेत.

१८. आतापर्यंत सगळे फोटो टेबलात आहेत. ते डिस्कवर कसे हलवावेत?

संकेतस्थळ बंद न ठेवता हे करता येते. फाइलच्या नावाचा नवा, रिकामा कॉलम जोडावा आणि फोटो दाखवणाऱ्या कोडमध्ये ‘नाव असेल तर डिस्कवरून, नसेल तर टेबलातून’ अशी वाट करावी. नवे फोटो लगेच डिस्कवर जाऊ द्यावेत. जुने फोटो शंभर-शंभरच्या तुकडीने बाहेर लिहावेत, लिहिलेल्या फाइलची लांबी टेबलातल्या लांबीशी ताडून पाहावी आणि जुळली तरच नाव भरावे. याच वेळी ६५,५३५ बाइटचे कापलेले फोटो वेगळे निघतात. ब्लॉब कॉलम लगेच रिकामा करू नये, एखादा महिना तसाच ठेवावा.

कॉलम रिकामा केल्यावर ‘डिस्कवर जागा का मोकळी झाली नाही?’ असा प्रश्न हमखास येतो. इनोडीबी ही मायएसक्यूएलची साठवण यंत्रणा ती जागा स्वतःच्या वापरासाठी राखून ठेवते, ऑपरेटिंग सिस्टिमला परत करत नाही. टेबल नव्याने बांधणारी ‘ऑप्टिमाइझ टेबल’ ही आज्ञा दिल्यावरच, आणि त्या टेबलाची स्वतंत्र फाइल असेल तरच, ती सुटते. बांधणी चालू असताना जुनी आणि नवी अशा दोन्ही प्रती डिस्कवर असतात, त्यामुळे टेबलात उरलेल्या मजकुराएवढी मोकळी जागा आधी हाताशी ठेवावी.